रेघ ओढण्याआधी

आमच्या घरात दोन माणसं अक्षरांवर जगली, आणि अक्षरांवरून दोघांचं कधीच पटलं नाही. माझं सिंदी रेल्वे या गावी टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान. माझे यजमान पेंटर. सगळं गाव त्यांना पेंटरच म्हणायचं, मीही तेच म्हणायची. बायकोनं नवऱ्याला धंद्यावरून हाक मारावी हे सासूबाईंना शेवटपर्यंत रुचलं नाही. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियमही त्यांचाच. मग मी काय शुक शुक करणार होते?

माझ्या दुकानात येऊन हे स्क्रीनसमोर बसायचे आणि नाक मुरडायचे. "तुह्या कॉम्प्युटरचा क पाय, पोटुशी बाई उभी राह्यल्यावानी दिसते. अन् र ले तं कंबरच नाई." मी म्हणायची, तुमची कंबर असलेली अक्षरं सुकायला दोन दिवस लागतात, माझा फ्लेक्स दुपारच्या जेवणाआधी चौकात लागतो. त्यावर ते म्हणायचे, "अन् दिवाळीआधी फाटते." दोघांचंही खरं होतं. फ्लेक्स आला तशी त्यांची कामं कमी झाली, माझी वाढली. घर तेच, चूल तीच, त्यामुळे आम्ही त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही.

त्यांची लिहायची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दुसरे पेंटर भिंतीवर आधी वरची रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं लटकवतात. हे उलटं करायचे. खडू लावलेल्या दोऱ्यानं भिंतीवर फिकट खूण पाडायची, तिच्याखाली अक्षरं काढायची, सगळी बोडकी. मग शिडीवरून उतरायचं, चार पावलं मागं जायचं आणि मालकाला बोलावून म्हणायचं, "वाचा." मालकानं मोठ्यानं वाचायचं. वाचून बरोबर निघालं की पुन्हा वर चढून एका दमात अख्ख्या शब्दावर रेघ ओढायची, बाईनं डोक्यावरून पदर घ्यावा तशी. तिच्यात सांधा नसायचा. रेघ ओढेपर्यंत अक्षर पुसता येतं, बदलता येतं. रेघ ओढली की मग ते जमत नाही, पुसायला गेलं तर डाग दिसतो. "रेघ ओढली का दार लागलं," ते म्हणायचे. "मंग चूक आतच राह्यते, पाव्हन्यावानी." कितीही घाईचं काम असो, कोणी वाचल्याबिगर त्यांनी कधी रेघ ओढली नाही.

आमची ओळखही अशीच झाली. माझं माहेर वडनेर. आमच्याकडं लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर दाराच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब, हत्ती, वर गणपती आणि मोठ्या अक्षरात नवरा-नवरीचं नाव लिहायची रीत. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाला हे भिंत लिहायला आले. वडलांना वाचता येत नव्हतं. "वाचा" म्हटल्यावर वडील गोंधळले आणि मला पुढं केलं. मी बारावी शिकलेली, स्वतःला फार शहाणी समजायची. खणखणीत वाचलं. यांनी वरून माझ्याकडं पाहिलं आणि रेघ ओढली. ती जरा वाकडी आली असं ते नंतर सांगायचे, पण मला कधी वाकडी दिसली नाही.

दोन वर्षांनी माझंच लग्न त्यांच्याशी ठरलं, तेव्हा पंचाईत झाली. भिंत कोण लिहिणार? तालुक्यात दुसऱ्या पेंटरच्या हातून लिहून घेणं म्हणजे स्वयंपाक्यानं आपल्या लग्नाला डबा मागवण्यासारखं. शेवटी हळदीच्या आधी नवरदेव स्वतःच शिडी घेऊन सासरी आला. बायाबायांनी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दोन्ही नावं लिहून झाली आणि हा माणूस खाली उतरून माझ्याचकडं पाहून म्हणाला, "वाचा." होणाऱ्या नवऱ्याचं नाव अंगणभर बायांसमोर कसं घ्यायचं? मामी म्हणाली, बाप्पा, ओढून टाका ना रेघ. तर हे म्हणाले, "वाचल्याबिगर रेघ नाई." ऊन डोक्यावर, ब्रशमधून रंग गळतोय. मी वाचलं. मांडवातला उखाणा सोडला तर त्यांचं नाव मी मोठ्यानं घेतलं ते तेवढंच.

ती भिंत माझ्या भावानं जपली. दर दिवाळीला चुना मारायचा तो तेवढी चौकट सोडून. अशा हट्टी माणसाचं अक्षर जपायला तसाच हट्टी मेहुणा लागतो.

मागच्या हिवाळ्यात हे सेलूला एका किराणा दुकानाची पाटी लिहीत होते. हल्ली वर्षाकाठी अशी चार-दोन कामं यायची, जुन्या गिऱ्हाइकांची. "किराणा" लिहून झालं आणि कोणाचा तरी फोन आला. ते खाली उतरले, बोलले, पुन्हा वर चढले आणि लिहायला लागले. थोड्या वेळानं दुकानदारानं मला फोन केला. "ताई, पेंटर सकाळी सकाळी घेऊन आले का काय?" आयुष्यात सुपारी न खाल्लेला माणूस. मी दुकान उघडंच टाकून गेले.

पाटीवर "किराणा किराणा" लिहिलं होतं. एकापुढं एक, दोन्ही देखणे, दोन्ही बोडके. हे खाली स्टुलावर बसून पाटीकडं पाहत होते. मला पाहून हळूच म्हणाले, "पाय ना वं, काय लिवलं हाय तिथं. मले दिसून राह्यलं, पन वाचता नाई येऊन राह्यलं." मला वाटलं चष्मा. त्यांचा चष्मा माझ्या पदरानं पुसून दिला. माणूस घाबरला की काय मूर्खासारखं करतो.

वर्ध्याच्या दवाखान्यात सगळं तपासलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला समजेल असं सांगितलं. डोकं शाबूत, बोलणं शाबूत, हात शाबूत, डोळेही बरे. मेंदूत रक्त पोचायचं एका ठिकाणी थांबलं आणि वाचायची जागा तेवढी गेली. माणसं ओळखतील, रंग ओळखतील, लिहितीलसुद्धा. लिहिलेलं वाचता येणार नाही. मी विचारलं, स्वतःचं लिहिलेलं? त्या म्हणाल्या, स्वतःचंही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग रेघ कवा ओढाची ते कसं समजन?" डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

देव देते अन् कर्म नेते म्हणतात. आमच्या देवानं दिलं काय होतं, एक अक्षरच ना. तेही अर्धं नेलं. देवाला मी त्या दिवसांत इतक्या शिव्या दिल्या की देवघरातली वात लावायचीही लाज वाटायची, तरी लावायची.

घरी आल्यावर मी मास्तरीण झाले. दुकानातल्या प्लॉटरवर हातभर मोठी अक्षरं छापून आणायची आणि समोर धरायची. हा कोणता? ते पाहत राहायचे. "दिसते तं काहीतरी ओळखीचं." मी चिडायची, ओरडायची. एकदा कागद फेकून दिला. ते उठले, कागद उचलून गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "कागदावर कायले राग काढतं." मी बाहेर जाऊन रडले आणि येऊन पुन्हा तोच कागद उघडला.

मग एक दिवस शटरचा प्रकार घडला. आमच्या दुकानाच्या शटरवर त्यांनीच नाव लिहिलेलं, ऑइलपेंटनं, कडा अजून हाताला लागतात. मी कुलूप काढत होते आणि हे शेजारी उभे राहून अक्षरांवरून बोट फिरवत होते, आधी उभी काठी, मग पोट, मग शेपूट, जसे लिहायचे त्याच क्रमानं. आणि त्यांनी अख्खं नाव वाचलं. माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा वाचलं. मी तशीच चौकात जाऊन पेढे घेऊन आले. ज्याला त्याला वाटत सुटले. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, हो, असं होऊ शकतं, काही जणांचं बोट वाचायला शिकतं, सराव चालू ठेवा.

मग काय, मी सरावाच्या मागंच लागले. दुपारी दुकान बंद करून स्कूटीवर यांना मागं बसवायचं आणि त्यांनी लिहिलेल्या भिंती शोधत हिंडायचं. निम्म्याअधिक पाट्यांवर फ्लेक्स चढलेले, त्यातले काही माझ्याच दुकानातले. उरलेल्या ठिकाणी मी त्यांना उभं करायची. सेलूची पिठाची गिरणी. एका शाळेचं फाटक. सिंदीतल्या बौद्धपुऱ्यातली घरांची नावं, त्यांना ती फार आवडायची. ते आधी विचारायचे, "कोनाचं घर हाय वं हे?" मी सांगायची. मग बोट लावायचं आणि सावकाश वाचायचं. घरातली म्हातारी कौतुकानं पाणी आणून द्यायची. येताना मी स्कूटीवर मोठमोठ्यानं बोलत यायची. हे मागं गप्प बसायचे. मला वाटायचं, दमले असतील.

छापलेलं मात्र त्यांच्या बोटाला कळत नव्हतं. "तुह्या कॉम्प्युटरची अक्षरं हायेत, माह्या बोटाले कुठून सुरू कराचं तेच समजत नाई." मला ते पटलं, कारण इतकी वर्षं मी तेच ऐकत होते. मग मी त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर कापून कॉम्प्युटरवर जमवलं, आणि त्यांच्याच अक्षरांतून एक नवा शब्द जुळवून छापला. फार कष्टाचं काम होतं, मान धरली. त्यांनी त्यावर खूप वेळ बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "तू रेघ तोडून जोडली. माह्या रेघीत सांधा नसते." आपल्यालाच नीट जमलं नाही असं म्हणून मी पुन्हा जोडत बसले. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण हात पाहायचाच नसेल तर कांकण तरी कसं दिसेल.

वडनेरची भिंत मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिथं आमची दोघांची नावं. यांनी बोटानं माझं नाव वाचलं की आपण जिंकलो, असं मी मनाशी धरलं होतं. उन्हाळ्यात भावाच्या मुलाचं लग्न निघालं. मी आठवडाभर आधी फोन करून भावाला बजावलं, रंगरंगोटी कर पण आमच्या भिंतीला हात लावू नको. तो म्हणाला, "ताई, तू ये त खरी. तुयासाठी सरप्राइज हाय."

अंगणात पोचलो तर भिंत नव्हती. म्हणजे भिंत होती, पण गुळगुळीत, नवी पुट्टी मारलेली, फिकट गुलाबी. आणि जिथं आमची नावं होती तिथं तेवढाच फ्लेक्स टांगलेला. भिंतीला ओल आली होती, पोपडे पडत होते, लग्नाआधी सिमेंट मारावंच लागणार होतं. भावानं त्याआधी तिचा मोठा फोटो काढून हिंगणघाटच्या दुकानातून छापून आणला होता. त्याचे डोळे चमकत होते. "भाऊजीचं अक्षर आता कवाच जात नाई, ताई. धुवून घेतलं तरी चालते." त्यानं प्रेमानंच केलं होतं. त्या हिंगणघाटच्या पोरानं आपल्या अकलेनं वर चार फुलं टाकली, नावं खाली सरकवली आणि नावांच्या जागी कॉम्प्युटरच्या जाड अक्षरात लिहिलं, "आठवणीतली भिंत."

वारा सुटला होता. फ्लेक्स फडफडायला लागला म्हणून भाऊ त्याच्यामागं हात घालून कोपरा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "वाचा भाऊजी." हे पुढं झाले. हात उंच करून, जिथं नावं असायची तिथं, त्यांनी बोट टेकवलं. सावकाश फिरवलं. स्वतःचं नाव वाचलं. मग बोट पुढं नेलं आणि माझं नाव वाचलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. भाऊ मागून खुशीत हसला. मांडवातल्या बाया हसल्या.

बोट "आठवणीतली भिंत" वर होतं.

मी त्यांना बोअरिंगच्या नळाजवळ घेऊन गेले, हातपाय धुवायच्या निमित्तानं. विचारलं, "पेंटर, बोट कुठं होतं तुमचं?"

त्यांनी आपल्या बोटाकडं पाहिलं. "कुठं होतं?"

"तिथं आपलं नाव नोतं."

त्यांनी ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग काय होतं?"

मी सांगितलं.

"गिरणीवर?" मी विचारलं. "ते ठाऊक होतं." "शाळेचं फाटक?" "मीच तं लिवलं होतं, नाई कसं ठाऊक राहीन." शटरचं मी विचारलंच नाही. आपल्याच दुकानाचं नाव कोणाला ठाऊक नसतं? ते त्यांनीच काढलं. "शटरवर मले खरंच वाटलं का वाचलं. मंग समजलं का आपन वाचून नाई राह्यलो, आठवून राह्यलो. पन तवा तू पेढे आनाले गेलती."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"त्या दिवशी तू पोळ्या लाटता लाटता गुनगुन करून राह्यली होती," ते म्हणाले. "लय दिवसांनी."

राग यायला हवा होता, आला नाही. त्या स्कूटीवर मी एवढी बडबड करत यायची आणि हा माणूस मागं बसून माझं ऐकून घ्यायचा. भरल्या लग्नघरात मोकळेपणानं रडताही येत नाही, तोंडावर पाणी मारलं आणि उभी राहिले. एवढे महिने धरलेली आशा हातातून गेली, आणि तिच्या जागी ठेवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

तेवढ्यात भाऊ आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "भाऊजी, वाचता येते त झालंच काम. दाराच्या या बाजूनं पोराचं-सुनेचं नाव तुमीच लिवा." मी नको म्हणणार होते. हे माझ्या आधी म्हणाले, "आन रंग." मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "लिवता तं येते ना मले."

भावाचा मुलगा, नवी सून, दोन्ही नावं मी त्यांना दोनदा सांगितली. त्यांनी दोरा धरला, खडूची खूण पाडली, शिडी चढले. हात तसाच होता, जरासुद्धा थरथर नाही. ब्रश भिंतीला टेकला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नवरदेवाचं नाव पूर्ण होत आलं आणि आतून भावजयीनं हाक मारली, ताई, पुरणाचं पाहा जरा. ते म्हणाले, "जा तू. मले दोन्ही नावं ठाऊक हायेत."

मी आले तेव्हा ते खाली उतरलेले. चार पावलं मागं जाऊन, मान कलती करून भिंतीकडं पाहत होते, तीस वर्षं पाहायचे तसे. कोणीतरी मध्ये सरबत दिलं असावं, पायाशी रिकामा ग्लास होता. भिंतीवर डाव्या बाजूला नवरदेवाचं नाव होतं. मध्ये "संग". उजव्या बाजूला पुन्हा नवरदेवाचंच नाव. सुनेचं नाव कुठंच नव्हतं. अक्षरं बोडकी, ओली, इतकी सुंदर की त्यांच्या चांगल्या दिवसांतही क्वचित जमली असतील.

अजून पुसता आलं असतं. रेघ ओढलेली नव्हती.

भाऊ माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या उरलेल्या गुलाबी रंगाच्या डब्याकडं पाहिलं. फ्लेक्सवर यांनी खरं वाचलंच नव्हतं, तेही त्याला तेव्हाच उमगलं असावं. उद्या सकाळी आम्ही मांडवात असताना तो त्या उजवीकडच्या नावावर गुलाबी रंग फिरवेल हे मला कळलं, आणि मी मान हलवली.

यांनी ब्रश रंगात बुडवला, शिडीवर एक पाय ठेवला आणि मला म्हणाले, "वाच."

मी खणखणीत वाचलं. नवरदेवाचं नाव वाचलं, संग वाचलं, आणि उजवीकडं पाहून सुनेचं नाव वाचलं, एकेक अक्षर सुटं करून, भिंतीवर असल्यासारखं.

"बरोबर हाय?"

"बरोबर हाय," मी म्हटलं.

मग ते वर चढले, श्वास धरला, आणि रेघ ओढली.